दुष्काळात पोहण्याचा टँक: रिकामा करायचा की राखायचा?

गिरणाकाठ | १४ एप्रिल २०२४, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गिरणेच्या पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचा पोहण्याचा टँक आहे. वीस मीटर लांब, दहा मीटर रुंद, उथळ बाजूला साडेतीन फूट आणि खोल बाजूला पाच फूट पाणी. फार्महाऊसवरचा निळाशार पूल डोळ्यांसमोर आणू नका. कपडे बदलायला पत्र्याच्या दोन खोल्या, एक फिल्टरची खोली, कडेला तीन कडुनिंब, एवढाच सरंजाम. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही पोरांना पोहायला शिकवतो आणि त्या दोन महिन्यांच्या फीवर वर्षभराचा खर्च भागवतो.

परवा नगरपालिकेची नोटीस आली. टंचाई लक्षात घेऊन हद्दीतले सर्व जलतरण तलाव आठ दिवसांत रिकामे करून बंद ठेवावेत, नाहीतर नळजोडणी तोडू, असा मजकूर.

टंचाई खोटी नाही, हे आधीच सांगतो. गिरणा धरण २०१९ पासून ओळीने चार वर्षं भरलं आणि आपण सगळेच निर्धास्त झालो. २०२३ च्या पावसाळ्यात ते भरलं नाही. ३१ ऑक्टोबरला शासनाने जे चाळीस तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यात खानदेशातले चाळीसगाव, शिंदखेडा आणि नंदुरबार आले. आता पिण्यासाठी नदीत आवर्तन सुटतं, काठावरच्या पंपांची वीज तोडतात, तरी कोरड्या वाळूत मुरत मुरत ते पाणी खाली कानळद्याकडे पोचायला किती दिवस लागतात ते नदीकाठच्या माणसाला विचारा. अशा वेळी पोहण्याच्या पाण्यावर बंधन यायलाच हवं.

माझं म्हणणं एवढंच, की भरलेला टँक रिकामा करून पाणी वाचत नाही. आज आत दोन लाख साठ हजार लिटर पाणी आहे. ते पिण्याजोगं नाही. क्लोरीन आहे, क्षार आहेत, उन्हात क्लोरीन टिकवणारं स्टॅबिलायझर आहे. सोडलं तर जाणार गटारीत. पाऊस झाल्यावर पुन्हा भरायला दहा हजार लिटरचे सव्वीस टँकर लागतील. म्हणजे हे पाणीही गेलं आणि तेही गेलं. शिवाय आमची जमीन काळी. उन्हाळ्यात भेगाळते तेव्हा भिंतीची बाजू सोडते, पावसाळ्यात फुगते तेव्हा भिंतीवर रेटा देते. आत पाणी असलं की ते हा रेटा तोलून धरतं. रिकाम्या टँकच्या टाइल्स सुटतात, भिंतीला तडे जातात, आणि तडा गेलेला टँक पुढची किती वर्षं गळत राहील याचा नेम नाही.

पण दुसरी बाजूही मांडतो. खरं नुकसान रोज होतं आणि डोळ्यांना दिसत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात आणि कोरड्या वाऱ्यात उघड्या टँकची पातळी दिवसाला साधारण सेंटीमीटरभर उतरते. दोनशे चौरस मीटरवर एक सेंटीमीटर म्हणजे दोन हजार लिटर. टंचाईत टँकरवरच्या गावाला माणशी वीस लिटरचा हिशोब धरतात. म्हणजे आमचा एकटा टँक रोज शंभर माणसांचं पाणी हवेत सोडतो. १ एप्रिल ते १५ जून धरलं तर दीड लाख लिटर, टँकच्या निम्म्याहून जास्त. हा आकडा मला सोसवत नाही.

म्हणून विचारतो. बाहेरून थेंबही न घालता पावसाळ्यापर्यंत टँक राखता येतो का? कोणी केलंय? आच्छादन कशाचं करावं? आणि मुख्याधिकाऱ्यांना अर्ज द्यायचा तर त्यात काय लिहावं?

---

मेहरूण_जळगाव | १४ एप्रिल, रात्री १०:२५

आमच्या सोसायटीने मार्चमध्येच पोहणं बंद केलं, पाणी मात्र ठेवलं. एक सांगतो, पंप पूर्ण बंद करू नका. आमच्याकडे वीज वाचवायची म्हणून मोटार बंद ठेवली तर आठवड्याच्या आत पाणी हिरवं झालं, पाठोपाठ डासांच्या अळ्या. मग डेंग्यूच्या भीतीने लोकच म्हणायला लागले की ओतून द्या. आता रोज रात्री दोन तास फिल्टर चालवतो आणि क्लोरीन बघतो. पाणी स्वच्छ आहे.

---

हंडाकळशी | १५ एप्रिल, सकाळी ६:५०

दादा, तुम्ही हिशोब प्रामाणिकपणे मांडलाय म्हणून लिहिते.

माझं माहेर शिंदखेडा तालुक्यात. टँकर येतो आणि पाणी विहिरीत ओततो. मग काठावर बाया दोर टाकून उभ्या. ओतलेल्या पाण्याने तळाचा गाळ ढवळतो, पहिले पाच-सहा पोहरे चहाच्या रंगाचे निघतात. हंड्याच्या तोंडाला जुन्या लुगड्याची दुहेरी घडी बांधून गाळायचं, वरून तुरटी फिरवायची, मग ते प्यायचं. घरात आंघोळ पाटावर नाही, घमेल्यात बसून. घमेल्यातलं पाणी नंतर शेळ्यांच्या गोठ्यात शिंपडायला. माझी भाची परीक्षेच्या दिवशीसुद्धा आधी विहिरीवर जाऊन मग शाळेत गेली.

अशा घरात दोन लाख साठ हजार लिटर हा आकडा कसा ऐकू येत असेल ते समजून घ्या. गटारीत सोडू नका हे तुमचं म्हणणं मला पटलं. पण रोजचे ते दोन हजार लिटर आजवर कुठून आणत होतात, ते तुम्ही लिहिलं नाही.

---

गिरणाकाठ | १५ एप्रिल, सकाळी ८:१५

ताई, बोअरमधून. नळाचं पाणी टँकमध्ये कधी घेतलं नाही, ते फक्त प्यायला. बोअर आमच्याच जागेत आहे, १८० फुटांचा. पूर्वी दिवसभर चालायचा. हल्ली पाऊण तास पाणी देतो, मग पाईप नुसता फुसफुसतो. मोटार बंद करून तीन-चार तास थांबलं की पुन्हा पाऊण तास.

---

बागाईतदार_भडगाव | १५ एप्रिल, सकाळी ९:०५

मग प्रश्नच मिटला. जागा तुमची, बोअर तुमचा, वीजबिल तुम्ही भरता. नळाचं पाणी घेत नाही तर पालिकेचा संबंध काय? मी तर म्हणतो वकील गाठा. शेतकऱ्याच्या विहिरीवर उद्या असंच येऊन बसतील.

---

खडकवाचक | १५ एप्रिल, दुपारी १२:३०

बागाईतदार भाऊ, तुमची काळजी रास्त आहे, पण इथे थोडं थांबा. माझी उभी नोकरी भूजलाच्या कामात गेली, म्हणून सविस्तर लिहितो.

चाळीसगाव, भडगाव, पाचोरा, एरंडोल, पारोळा हा सगळा काळ्या पाषाणाचा मुलूख. वर माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या खडक आणि त्याखाली घट्ट पाषाण. पाणी साठतं ते मुरमात, मांजऱ्यात आणि पाषाणाच्या फटीत. या फटी सातबाऱ्याच्या हद्दी बघून संपत नाहीत. तुमच्या जागेतला बोअर ज्या फटीतून ओढतो, तीच फट दोन शेतं पलीकडे कोणाच्या विहिरीत उघडी असते. गिरणाकाठ यांचा बोअर पाऊण तासात फुसफुसतो याचा अर्थ जवळपासचं पाणी संपलंय आणि लांबून झिरपत यायला तीन-चार तास लागतात. त्या तीन-चार तासांत जे येतं, ते शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या खालून येतं.

तापीच्या उत्तरेला, रावेर-यावल-चोपड्याकडे चित्र वेगळं. तिथे गाळाचा जाड थर आहे, सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा बझाडा पट्टा आहे आणि त्यातून पाणी खोल उतरतं. म्हणून तिकडे वर्षानुवर्षं बोअर खोल खोल जात राहिले आणि पाण्याची पातळीही. इकडे पाषाणात तशी खोली मिळतच नाही.

आता कायद्याचं. १९९३ च्या कायद्यातच सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला मनाई होती, आणि जिल्हाधिकाऱ्यांनी टंचाईक्षेत्र जाहीर केलं की एक किलोमीटरच्या आतल्या विहिरींच्या उपशावर बंधन घालायचा अधिकार होता. पुढे २००९ चा महाराष्ट्र भूजल अधिनियम आला, त्यातही पिण्याच्या पाण्याचे स्रोत राखणं हाच पाया आहे. शिवाय टंचाईत विहिरी आणि बोअर अधिग्रहित करतात हे आपण सगळ्यांनी गावोगाव पाहिलंय. तेव्हा 'बोअर माझा' या आधारावर भांडू नका, हराल. आणि जिंकलात तरी शेजारच्या विहिरीचं पाणी कमी व्हायचं थांबणार नाही.

गिरणाकाठ, तुमची खरी बाजू ही आहे की आतलं पाणी आतच राहू द्या, नवीन घेणार नाही. एवढंच धरून चला. आणि जमलं तर तहसीलदारांना पत्र देऊन बोअर पिण्यासाठी घ्यायची तयारी स्वतःहून कळवा.

---

पुणे_मुक्कामी | १५ एप्रिल, दुपारी २:१०

मूळ अमळनेरचा. अर्जात जोडायला बाहेरची दोन उदाहरणं देतो. बंगळूरमध्ये गेल्याच महिन्यात जलमंडळाने पोहण्याच्या तलावांत पिण्याजोगं पाणी वापरायला मनाई केली, मोडल्यास पाच हजार रुपये दंड. रोख नवीन पाण्यावर होता. २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनला माणशी रोजचे ५० लिटर ठरवून दिले होते, तेव्हा महापालिकेच्या पाण्याने तलाव भरायला आणि वरून भर घालायलाही बंदी होती. मोठी शहरं जिथे इतकी टोकाला गेली, तिथेही रोख नवीन पाणी भरण्यावरच होता.

---

जिभाऊ | १५ एप्रिल, दुपारी ३:४५

भाऊ, तुमीन इतला हिशोब मांडी ऱ्हायनात हाई चांगलं शे. पन मना गावना शिववर दोन फार्महाऊस शेतस. तठे शनवार-आईतवारले रातभर मोटार चालस, गावमा हपतामा दोनदाव टँकर येस. तेस्ले कोन नोटीस देस? नियम सगळासले सारखा पाहिजे.

---

बटरफ्लाय | १५ एप्रिल, रात्री ८:२०

जिभाऊंचा मुद्दा खरा आहे. पालिकेच्या हद्दीतल्याला नोटीस आणि शिवारातल्याला कोणी विचारत नाही. हद्दीबाहेर ग्रामपंचायत आणि तहसील यांनी बघायला हवं. ते लावून धरलंच पाहिजे.

मी बरीच वर्षं पोरांना पोहायला शिकवतोय, त्यामुळे माझी काळजी दुसरीकडची आहे. शिकवणीचे टँक सरसकट बंद झाले की मे महिन्यातली पोरं पाण्यापासून लांब राहत नाहीत. ती जातात शेततळ्यावर, खदानीत, नदीतल्या वाळूच्या खड्ड्यांत. दर उन्हाळ्यात आपल्या जिल्ह्यांतून बुडाल्याच्या बातम्या येतात. शेततळं तर सगळ्यात वाईट. चारी बाजूंनी उतार आणि त्यावर प्लास्टिकचा कागद. ओला झाला की पाय ठरत नाही. पोहता येणारा गडीसुद्धा दोर नसेल तर वर येऊ शकत नाही. ज्यांच्या शेतात शेततळं आहे त्यांनी चारही बाजूंना गाठी मारलेला दोर आणि हवा भरलेली ट्यूब सोडून ठेवावी, हा धागा वाचून एकाने जरी हे केलं तरी पुष्कळ.

तेव्हा पाणी आहे तोवर शिकवा. मौजेसाठी तासावर टँक देणं बंद करा, वाढदिवसाच्या पार्ट्या बंद करा. फक्त पोहता न येणाऱ्यांचे वर्ग, पहाटे साडेपाच ते साडेसात. उन्हं चढायच्या आत पाणी झाकलं गेलं पाहिजे. उड्या बंद, कारण प्रत्येक उडीला काठावर पाणी जातं आणि तापल्या फरशीवर ते क्षणात उडतं. पोरांनी घरून आंघोळ करून यायचं आणि डोक्याला तेल लावायचं नाही. तेल, घाम, धूळ कमी आली की क्लोरीन कमी लागतं आणि फिल्टर उशिरा भरतो.

फिल्टरचं महत्त्वाचं आहे. बऱ्याच ठिकाणी ऑपरेटर वार ठरवून बॅकवॉश करतात, म्हणजे उलट्या प्रवाहाने फिल्टरची वाळू धुतात, मग गरज असो नसो. तुमचा पंप ताशी चाळीस घनमीटरचा असेल तर तीन मिनिटांच्या बॅकवॉशला दोन हजार लिटर जातात, म्हणजे एका दिवसाच्या बाष्पीभवनाइतके. वार बघू नका, काटा बघा. वाळू स्वच्छ असताना प्रेशर गेज समजा दहावर असेल तर अठरा-वीसवर गेल्याशिवाय वॉल्व्हला हात लावायचा नाही. साइट ग्लासमध्ये, म्हणजे वॉल्व्हजवळच्या काचेत, पाणी निवळ दिसलं की त्याच क्षणी बंद. आणि ते पाणी गटारीत न सोडता टाकीत घ्या. तुरटीने गाळ खाली बसतो, उघड्यावर दोन दिवस उन्हात ठेवलं की क्लोरीन उडतो. संडास आणि फरशी धुवायला, कडुनिंबांना चालतं.

नवीन पाणी घ्यायचं नाही म्हणजे रसायनांचाही विचार बदलावा लागेल. क्लोरीनच्या गोळ्या वापरत असाल तर त्यातून दर वेळी स्टॅबिलायझर पाण्यात साठत जातो. एरवी नवीन पाण्याने तो पातळ होतो. तुमच्याकडे तसं होणार नाही. तो शंभर पीपीएमच्या वर गेला की क्लोरीन मोजमापात दिसतो पण काम करत नाही. आत्ताच तपासून घ्या. तीस-पन्नासच्या आसपास असेल तर गोळ्या थांबवा आणि पातळ हायपोवर (सोडियम हायपोक्लोराइटवर) या. हायपोने पीएच वर चढतो, तो ७.२ ते ७.६ मध्ये ठेवायला ॲसिड थोडं थोडं द्यावं लागेल. ॲसिड आणि हायपो एका वेळी, एका बादलीत कधीही नाही. दोघांचे कॅनसुद्धा वेगळ्या खोलीत.

---

केळीवाला_रावेर | १६ एप्रिल, पहाटे ५:३०

आच्छादनाचं मी सांगतो. शेततळ्यावर आणि रोपवाटिकेच्या हौदावर करून पाहिलेलं आहे.

शेततळ्याला खाली अंथरतात तो ५०० मायक्रॉनचा कागद घेऊ नका, तो ओढायला दोन माणसं पुरत नाहीत. चांगली एचडीपीई ताडपत्री घ्या, एक बाजू पांढरी असलेली. पांढरी बाजू वर. काळी-निळी बाजू वर राहिली तर पाणी तापतं आणि क्लोरीन टिकत नाही. वीस मीटरची अखंड करायच्या भरीस पडू नका. संध्याकाळी वावटळ आली की अखंड ताडपत्री शिडासारखी फुगते आणि निघून जाते. सात बाय दहाच्या तीन पट्ट्या करा. प्रत्येक पट्टीच्या दोन्ही आखूड कडा दुमडून शिंप्याकडून खिसा शिवून घ्या आणि त्यात दीड इंची पीव्हीसी पाईप घाला. पाईपची दोन्ही तोंडं एंड कॅप लावून सोल्युशनने बंद करा. पाईप तरंगतो, कड बुडत नाही, आणि गुंडाळताना दांडा म्हणून तोच हातात येतो. लांब कडांना रिंगा मारून काठावरच्या खुंट्यांना दोर.

पश्चिमेच्या अंगाला माणूसभर उंचीची हिरवी नेट लावा. पाणी नुसतं उन्हाने जात नाही, वारा घेऊन जातो.

आणि काहीही करायच्या आधी टँक गळतोय का ते बघून घ्या. पायरीवर बादली ठेवा, तिच्यात टँकइतक्याच पातळीचं पाणी भरा आणि दोन्ही ठिकाणी पेन्सिलची खूण करा. एक दिवस-रात्र जाऊ द्या, टँकमध्ये कोणी उतरायचं नाही. दोन्हीकडे पाणी सारखंच उतरलं तर ऊन-वारा. टँकचं जास्त उतरलं तर गळती, मग आच्छादनाचा उपयोग नाही, आधी ती शोधा.

---

बटरफ्लाय | १६ एप्रिल, सकाळी ७:००

केळीवाला भाऊंच्या पद्धतीला माझी एक अट. तरंगती ताडपत्री जमिनीसारखी दिसते. लहान मूल किंवा कुत्रं तिच्यावर पाय टाकतं, ती खाली जाते आणि वरून मिटते, आत काय झालं ते बाहेरून कळतही नाही. झाकलेल्या टँकच्या फाटकाला कुलूप हवंच हवं, दिवसासुद्धा. आणि पोरं पाण्यात असताना पट्ट्या अर्धवट गुंडाळलेल्या नकोत. तिन्ही पूर्ण बाहेर.

---

पांझरा_साक्री | १६ एप्रिल, सकाळी १०:४०

आमच्या पांझरेवर फडाची पद्धत होती, काही ठिकाणी अजून आहे. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे तीन-चार फड, प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा प्रत्येक फडात. पाणी कमी असलं की गावाने बसून कोणता फड भिजवायचा ते ठरवायचं. भिजला तर सगळ्यांचा थोडा भिजायचा, राहिला तर सगळ्यांचा थोडा राहायचा. पाटकरी पाणी द्यायचा, शेतकऱ्याने स्वतः बारं फोडायचं नाही.

जिभाऊ जे म्हणतात ते मला यातून दिसतं. टँकवाला, फार्महाऊसवाला, वॉटरपार्कवाला, गाड्या धुणारा, मंगल कार्यालयवाला, सगळ्यांना एका ठिकाणी बसवून कोणी किती सोडायचं ते ठरलं पाहिजे. एकट्या पोहण्याच्या टँकला नोटीस दिली की बाकीचे सुटल्यासारखे वागतात.

---

बागाईतदार_भडगाव | १६ एप्रिल, सकाळी ११:१५

खडकवाचक काका, फटीचं म्हणता ते माझ्या विहिरीवरून मला पटलं. शेजारी नवीन बोअर झाला त्या वर्षी माझी विहीर फेब्रुवारीतच तळाला गेली. वकिलाचं मी मागे घेतो. पण बोअर पिण्यासाठी दिला तर पावसाळ्यानंतर तो परत मिळेल हे लेखी घ्या.

---

हंडाकळशी | १६ एप्रिल, दुपारी १:२०

दादा, एक सुचवते. तुम्ही यापुढे बोअरचं पाणी टँकमध्ये घेणार नाही हे तुम्हाला माहीत, आम्हाला या धाग्यावर माहीत. पण रस्त्याने हंडा घेऊन जाणाऱ्या बाईला निळी टाइल दिसते आणि आत पोरं खेळताना दिसतात. तिला कसं कळणार?

बोअरचा टँककडे जाणारा पाईप कापून टाका. नुसता वॉल्व्ह बंद करू नका, कापा. आणि बोअरचा नळ फाटकाच्या बाहेर काढा. पाऊण तास चालतो म्हणता ना, तो पाऊण तास शेजारच्या गल्लीला द्या. सकाळचा पाऊण तास म्हणजे तीस-चाळीस घरांचा दिवस निघतो. हे केलंत तर अर्जात काय लिहायचं ते मला विचारायची गरज राहणार नाही.

---

गिरणाकाठ | १६ एप्रिल, रात्री ९:००

ताई, वाचलं. उद्या प्लंबरला बोलावतो.

बादलीची खूण आज सकाळी केली आहे. स्टॅबिलायझर तपासायला पाणी दिलंय.

---

गिरणाकाठ | ३ मे २०२४, रात्री ८:३०

सगळ्यांना घडलेलं कळवतो.

बादली आणि टँक दोन्हीकडे पाणी सारखंच उतरलं, गळती नाही. स्टॅबिलायझर सत्तरच्या पुढे निघाला, गोळ्या थांबवल्या. ताडपत्री केळीवाला भाऊंनी सांगितली तशीच शिवून घेतली. शिंप्याला खिसे एकदा उसवून मोठे करावे लागले, पाईप आत सरकेना. पट्ट्या पहाटेचा वर्ग संपला की ओढतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे काढतो. टाइलवर रंगाने रेघ मारली आहे. पूर्वी चार दिवसांत पाणी चार सेंटीमीटर उतरायचं, आता जेमतेम दीड. वारा सुटतो त्या दिवशी तिसऱ्या पट्टीची एक कड अजून उचलली जाते, तिथे वाळूच्या पिशव्या बांधल्यात.

बोअरचा पाईप कापला. नळ फाटकाबाहेर काढला. सकाळी सहाला मोटार चालू होते, गल्लीतल्या बायांनीच आपापसांत पाळी लावून घेतली आहे, घरटी चार हंडे. कधी पाऊण तास भरतो, कधी अर्ध्या तासात फुसफुसतो. त्या दिवशी ज्यांची पाळी राहिली त्यांना दुसऱ्या दिवशी पहिला नंबर. पाण्याला क्षार आहेत, प्यायला ते नळाचंच वापरतात, पण धुणंभांडी आणि आंघोळ निघते.

मुख्याधिकाऱ्यांना अर्ज दिला. ते स्वतः येऊन कापलेला पाईप आणि ताडपत्री बघून गेले. आता तोंडी परवानगी अशी, की आहे ते पाणी ठेवा, कुठल्याही स्रोतातून भर घालायची नाही, आणि पातळी स्किमरच्या (वरचं पाणी फिल्टरकडे ओढणाऱ्या खिडकीच्या) तोंडाखाली गेली की पोहणं बंद. मला ती अट मान्य आहे. लेखी मिळालेलं नाही, मागणी केली आहे. तहसीलदारांकडे बोअरचं पत्रही दिलं, त्यात बागाईतदार भाऊंनी सांगितलेली परतीची अट घातली आहे.

फी निम्मी केली कारण वर्ग निम्मे आहेत. या वर्षी खर्च निघणार नाही. पोरं मात्र शिकताहेत.

जिभाऊ, शिवारातल्या फार्महाऊसचा विषय मी तहसीलमध्ये काढला. निवेदन द्या म्हणाले. तुमच्या गावचं आणि आमच्या गावचं मिळून एकच निवेदन देऊ. पांझरा भाऊ म्हणतात तसं मंगल कार्यालयं आणि गाड्या धुण्याची केंद्रंही त्यात घालू.

आता एकच विचारायचं राहिलं. जूनमध्ये पाऊस लागला की टँक कसा भरून काढू? बोअरला हात लावायचा नाही हे पक्कं.

---

खडकवाचक | ३ मे, रात्री ९:५०

पावसाने भरेल. आपल्याकडे वर्षाला साधारण साडेसहाशे मिलिमीटर पाऊस धरला, तर दोनशे चौरस मीटरच्या टँकवर सरळ आकाशातून एक लाख तीस हजार लिटर पडतात. पाऊस त्याहून कमी झाला तरी आता ताडपत्रीमुळे तुमची तूटही तेवढी मोठी नाही. त्यात तुमच्या खोल्यांच्या पत्र्याचं पाणी जोडा. फक्त जूनपासून ताडपत्री काढून ठेवा, नाहीतर पाऊस तिच्यावर साचून बाहेर ओघळेल.

टँक भरल्यावर पत्र्याचं पाणी बोअरशेजारी शोषखड्डा करून त्यात सोडा. बोअरच्या तोंडात थेट नको, गाळ जाईल. मोठी खडी, वर बारीक खडी, वर वाळू, असे थर.

---

केळीवाला_रावेर | ४ मे, पहाटे ५:४५

पत्र्याचं पहिल्या दोन पावसांचं पाणी टँकमध्ये घेऊ नका, वर्षभराची धूळ आणि पक्ष्यांची घाण असते. पन्हाळीच्या पाईपला खाली एक टी आणि बॉल वॉल्व्ह बसवा. पहिले दोन पाऊस वॉल्व्ह उघडा ठेवून कडुनिंबाला जाऊ द्या, मग बंद करून टँककडे वळवा. चार इंची पाईप घ्या, आपल्याकडचा जूनचा पाऊस तीन इंचीत मावत नाही.